हिरवळीचा हिशेब



आमच्या सोसायटीच्या अंदाजपत्रकात यंदाही ‘बागकाम’ अशी एकच ओळ आहे. खोदून विचारलं तेव्हा कळलं, ते सगळे पैसे लॉनचे. कापणी, युरिया, कीटकनाशक. झाडांसाठी शून्य. गेल्या पावसाळ्यात गेटजवळचा गुलमोहर कोसळला. खाली कुणी नव्हतं, हे आपलं पुण्य. पाहिलं तर पेव्हर ब्लॉक बुंध्याला चिकटून बसवलेले आणि मुळं कुजलेली. लॉन मात्र त्याच आठवड्यात कापून चकाचक!

मी कॉमर्सची, म्हणून हिशेबच मांडते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आपल्याकडच्या उन्हात लॉनला रोज पाचेक मिलिमीटर तरी लागतंच. आमचं लॉन ३०० चौरस मीटर, म्हणजे रोज १,५०० लिटर. ऑक्टोबर ते मे, २४० दिवसांचे झाले ३,६०,०००. दहा हजार लिटरचे ३६ टँकर! आणि हे मोरबे धरणाचं, पिण्यासाठी शुद्ध केलेलं पाणी.

लॉन हा चालू खर्च आहे. थांबवला की महिन्याभरात पिवळं. झाड ही मालमत्ता आहे. फर्निचरवर दरवर्षी घसारा काढावा लागतो, झाडाची किंमत दरवर्षी वाढते. बकुळ, करंज, ताम्हण लावा. दोन-तीन वर्षं पाणी घाला, पुढे ती आपल्या मुळांवर उभी राहतात. पण मालमत्ता म्हटली की देखभाल आली. बुंध्याभोवती मोकळी माती हवी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं, ते उगीच नाही. पावसाआधी जाणकाराकडून तपासणी हवी. फांद्या छाटायला १९७५ च्या कायद्याप्रमाणे पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. तो अर्ज मे अखेरीस धावपळ करत नाही, हिवाळ्यातच द्यायचा.

“मग मुलं खेळतील कुठे?” असं कमिटीतले विचारतात. अहो, तिथे ‘लॉनवर चालू नये’ अशी पाटी तुम्हीच लावली आहे ना! मुलं पार्किंगमध्ये खेळतात. खेळण्यापुरता तुकडा खुशाल ठेवा, पाटी काढा. उरलेलं कुणासाठी? फक्त बघण्यासाठी.

आता आपल्या घरचं. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडाचा त्याग आहे. त्यातली प्रमादचर्या म्हणजे काय? कारण नसताना जमीन खणणं, पाणी सांडणं, वनस्पती तोडणं. वर स्वयंपाकघरात आपण पाणी गाळून पितो, चातुर्मासात पालेभाजी सोडतो, आणि खाली आपल्याच वर्गणीतून गवतावर कीटकनाशक फवारलं जातं. संसारात हिंसा पूर्ण टळत नाही, हे मान्य. पण शोभेसाठीची तर टळते!

३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा होतील. तिथे बहुतेक पुरुषच बसतात आणि आपण घरी चहा ठेवतो. यंदा चहा त्यांना ठेवू द्या. तुम्ही जा आणि तीनच प्रश्न विचारा: लॉनवर किती खर्च झाला? झाडांवर किती झाला? आणि उद्या एखादं झाड कुणाच्या अंगावर पडलं, तर तो खर्च कुठल्या खात्यात लिहाल?