बंदूक सातबाऱ्यामागे चालते

अमेरिकेत बंदुकीच्या कारखानदाराला कोर्टात खेचता येते की नाही, हा वाद जुना आहे. २००५ साली तिथल्या काँग्रेसने कायदाच करून कारखानदारांना अभय दिले. १४ डिसेंबर २०१२ रोजी सँडी हूकच्या शाळेत २० कोवळी मुले आणि ६ मोठी माणसे मारली गेली, तेव्हा आईबापांनी त्या कायद्यातली फट शोधली. बंदूक म्हणजे मर्दपणाचा दाखला, असे तरुण पोरांच्या मनावर बिंबवणारी जाहिरातच बेकायदा आहे, असा दावा त्यांनी रेमिंग्टन कंपनीवर लावला आणि २०२२ साली ७ कोटी ३० लाख डॉलरची भरपाई मिळवली. मेक्सिको सरकारचा दावा मात्र जून २०२५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने एकमताने फेटाळला.

मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमच्या शेतमजुराला याचे काय, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की, प्रश्न एकच आहे. बंदूक कोणाच्या हाती द्यायची हे कोण ठरवतो, आणि ती चालली की जबाब कोण देतो?

आपल्याकडे कारखानदाराच्या मागे धावण्याची गरजच नाही. कानपूरच्या सरकारी कारखान्यात रिव्हॉल्व्हर तयार होते आणि परवान्यावर जिल्हाधिकाऱ्याची सही असते. म्हणजे जबाबदार कोण, हे शोधायला वकील लागत नाही. आता परवाना कोणाला मिळतो ते पाहा. १९५९ चा शस्त्र कायदा सांगतो की, पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला परवाना द्यावा. रोही आणि रानडुकरे सोयाबीन-तुरीची कशी नासाडी करतात हे आम्ही जाणतो. शेतकऱ्याच्या त्या दुःखाशी आमचे वैर नाही. पण ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याने कोणते पीक राखायचे? त्याच कायद्याचे कलम १४ म्हणते की, पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून कोणालाही परवाना नाकारता येणार नाही. कागदावर ते कलम शोभून दिसते. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी १९५९ आणि १९६४ साली तुरुंग भरले, तरी गायरानाचा तुकडा नावावर व्हावा म्हणून आमची माणसे अजून तहसीलच्या पायऱ्या झिजवत आहेत. जमीन ज्याची, बंदूक त्याची, हीच गावगाड्याची रीत आहे.

बाबासाहेबांनी १९३६ सालीच जातिसंस्थेची चिकित्सा करताना हे दाखवून दिले होते, की शूद्रातिशूद्रांना शस्त्र नाकारले गेले म्हणून त्यांना बंड करता आले नाही. कोरेगावच्या लढाईत मर्दुमकी गाजवणाऱ्या महारांची भरती इंग्रजांनी पुढे बंद केली आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत त्यासाठी अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. अमेरिकेत तरी वेगळे काय झाले? १९६७ साली ब्लॅक पँथरचे तरुण कायद्याने परवानगी असलेल्या बंदुका घेऊन उघडपणे फिरू लागले, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या गोऱ्या पुढाऱ्यांना बंदूकबंदीचा कायदा लगेच सुचला. सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. पुढे बंदूकप्रेमींचे हेच लाडके पुढारी! १९७२ साली आपल्या पोरांनी त्याच पँथरचे नाव उचलले, ते उगाच नव्हे.

मग आम्हालाही बंदुका द्या, अशी मागणी करायची काय? ॲट्रॉसिटी कायद्याखालील १९९५ च्या नियमांत ती सोय आहे. नियम ३ म्हणतो की, अत्याचारप्रवण क्षेत्रात गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शस्त्रपरवाने द्यावेत. ही तरतूद कार्यकर्त्यांना ठाऊक हवी. तरी आमचा भर तिच्यावर नाही. मजुरीवर जगणारा माणूस बंदूक कोठून घेणार? घेतलीच, तर पहिला गुन्हा त्याच्यावरच दाखल होईल. आणि खैरलांजीत २००६ साली भोतमांगे कुटुंब संपवणाऱ्या जमावाला बंदुकीची गरज पडली नव्हती.

आमचा भर त्याच नियमाच्या दुसऱ्या भागावर आहे. अशा क्षेत्रात जातदांडग्यांचे, त्यांच्या नातेवाइकांचे, नोकरांचे, एवढेच काय घरोब्याच्या मित्रांचेही परवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करता येतात. बेकायदा शस्त्रे जप्त करावीत, ती बनवणे बंद पाडावे, असेही तिथे लिहिले आहे. हे पाळले नाही तर काय होते, ते बिहारने दाखवले. १ डिसेंबर १९९७ रोजी लक्ष्मणपूर बाथे येथे रणवीर सेनेने ५८ जणांना गोळ्या घातल्या आणि २०१३ साली पाटणा हायकोर्टाने २६ आरोपींना सोडून दिले.

बीडचेच घ्या. ६ डिसेंबर २०२४ रोजी, महापरिनिर्वाणदिनी, मस्साजोग येथील दलित पहारेकऱ्याला मारहाण झाली. त्याच्या मदतीला धावलेल्या सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबरला हत्या झाली. ती बंदुकीने झाली नाही, पण त्यानंतरच जिल्ह्यातले हजाराहून अधिक शस्त्रपरवाने चर्चेत आले, हवेत गोळीबार करणाऱ्या वीरांची चित्रे बाहेर आली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. आधी ते दिले कोणी? कमरेला पिस्तूल लावून मर्दपणा मिरवणाऱ्यांना त्या वेळी कोणाचा धोका होता? पोलिसांना गावठी कट्टा घडवणारा गरीब कारागीर तेवढा सापडतो. परवान्यावर सही करणाऱ्या साहेबाला कोणी विचारत नाही.

नियम १७ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक दर तीन महिन्यांनी झाली पाहिजे, उपविभाग पातळीवरही समिती आहे. बुलढाणा आणि मेहकरच्या कार्यकर्त्यांनी पुढच्या बैठकीआधी लेखी विचारावे की, जिल्ह्यात किती शस्त्रपरवाने आहेत, त्यांतले बौद्ध, मातंग, चर्मकार, आदिवासी किती, ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल असलेल्या किती जणांकडे परवाना आहे आणि नियम ३ खाली १९९५ पासून किती परवाने रद्द झाले. नावे देत नसतील तर आकडे द्यावेत. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात.