माल आपला, गोदाम परक्याचे

ठाण्याहून जुन्या आग्रा रस्त्याने भिवंडीकडे निघाले की खाडीवरचा पूल ओलांडताच कशेळी लागते आणि गोदामांचा मुलूख सुरू होतो. तेथे माल एकाचा आणि जागा दुसऱ्याची असते. शहाणा भाडेकरू माल उतरवण्यापूर्वीच तो उचलण्याच्या अटी वाचतो. मुक्त संगणकप्रणालीच्या जगात हे शहाणपण अजून पुरते रुजलेले नाही, असे आम्हांस वाटते.

'लोहित' टंकांचेच पाहा. रेड हॅटने २००४ साली ते मुक्त केले, २०११ मध्ये त्यांना ओपन फाँट लायसन्स हा परवाना मिळाला आणि पुण्यातील अभियंत्यांनी त्यांची निगा राखली. लिनक्सवर मराठी वाचणाऱ्या कित्येकांनी देवनागरी प्रथम पाहिली ती याच टंकात. त्याचे काम फेडोराहोस्टेडवर चाले. ते ठिकाण २०१७ साली बंद झाले. पुढे लोहितला पॅग्युअरवर जागा मिळाली. डिसेंबर २०२४ मध्ये फेडोराने पॅग्युअरऐवजी फोर्जेजो स्वीकारण्याचे ठरवले आणि पॅग्युअरवरील प्रकल्पांपुढे बिऱ्हाड हलवण्याचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. गूगल कोडसारखे बलाढ्य ठिकाणही २०१६ मध्ये मिटलेच.

यात काळजी कसली, असे कोणी विचारील. गिटमध्ये प्रत्येक प्रतीत सारा इतिहास असतो. एका आज्ञेत तो नव्या जागी जातो. हे खरे आहे. पण गिट जपते ते काय बदलले एवढेच. का बदलले, याची चर्चा बहुधा त्या त्या ठिकाणच्या तक्रारवहीत असते. मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणे हिंदीहून वेगळी का हवीत, अमुक जोडाक्षर कोणत्या आक्षेपानंतर दुरुस्त झाले, हे ज्ञान तेथेच साठते. स्थलांतरात आधी हरवते तेही हेच. मोठ्या प्रकल्पात जुनी माणसे आठवणीने सांगतात. मराठीच्या कामाला मुळात माणसे चारच. त्यांतले दोघे दूर झाले की आठवणही गेली, आणि नवा कार्यकर्ता जुनी चूक नव्या उत्साहाने करतो.

'जेथे गर्दी तेथे जावे, गिटहबवर माणसे मिळतात,' हा युक्तिवाद आम्ही हलका मानत नाही. माणसांवाचून प्रकल्प मरतो. पण २०१८ मध्ये गिटहब मायक्रोसॉफ्टने विकत घेतले, तेव्हा तेथील भाडेकरूंचा सल्ला कोणी घेतला नव्हता. मालक बदलणे हा गुन्हा नव्हे. आपण त्याची तयारी न ठेवणे हा मात्र आपला दोष आहे.

या बाबतीत पॅग्युअरचे एक वैशिष्ट्य अनुकरणीय आहे. तेथे तक्रारी आणि त्यांवरील चर्चाही गिटच्याच भांडारात साठतात आणि उचलून नेता येतात. नवी जागा निवडताना ती किती देखणी आहे याआधी तेथून काय काय बाहेर नेता येते, हे विचारले पाहिजे. आणि जागा कोणतीही असो, महत्त्वाच्या निर्णयांची कारणे दोन-चार ओळींत मूळ आज्ञावलीशेजारी, शक्यतो मराठीतही, लिहून ठेवावीत. एक प्रत दुसरीकडे असू द्यावी. खर्च नाही, परवानगी नाही. लागते ती फक्त शिस्त, आणि ती बिऱ्हाड हलण्याच्या आधी लागते.