संकटाचा पहिला प्रहर

आपत्ती कोसळून गेली की आपले राज्य जागे होते ते मोजमापासाठी. किती घरे पडली, किती माणसे दगावली, कोणास किती साहाय्य द्यावयाचे, याचे पंचनामे होतात. ते आवश्यकच आहेत. परंतु जो अद्याप दगावलेला नाही, ढिगाऱ्याखाली ज्याचा श्वास चालू आहे, त्याची नोंद कोणत्या दप्तरात करावयाची? त्याचे भवितव्य पहिल्या काही तासांतच ठरत असते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात दगडमातीच्या जाड भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या आणि दहा हजारांच्या आसपास जीव गेले. अशा वेळी प्रथम धावतात ते शेजारीपाजारीच. त्यांच्या धैर्यास ज्ञानाची जोड हवी. तासन् तास तुळईखाली चेंगरलेला पाय एकाएकी मोकळा केला, तर मृत स्नायूंतील घातक द्रव्ये रक्तात उतरतात आणि वाचला म्हणून बाहेर काढलेला मनुष्य हृदय वा मूत्रपिंडे निकामी होऊन प्राणास मुकतो. लंडनवरील बाँबवर्षावात सापडलेल्या जखमींच्या अभ्यासातून डॉ. बायवॉटर्स यांनी १९४१ साली हे जगापुढे मांडले. म्हणून ओझे उचलण्यापूर्वीच शिरेतून सलाइन सुरू करावे, असे आज वैद्यकशास्त्र सांगते. याचा अर्थ स्पष्ट आहे. डॉक्टराने रुग्णालयात वाट पाहत बसून चालणार नाही. पहारीबरोबर त्यानेही ढिगाऱ्यापाशी पोहोचले पाहिजे.

आणि रुग्णालय तरी उभे राहील काय? २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भूजचे सरकारी रुग्णालयच जमीनदोस्त झाले. पुढे तेथे जे नवे रुग्णालय बांधले, ते पायाशी शिसे व रबर यांच्या आधारांवर उभे केले, जेणेकरून जमिनीचे हादरे इमारतीस सौम्य होऊन पोहोचावेत. हे शहाणपण दुर्घटनेपूर्वी का सुचू नये?

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे, मग चिंता कशाची, असे कोणी विचारील. सेवा मोलाची खरीच. परंतु रुग्णवाहिका रस्त्यावरून चालते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत रस्ते उरलेच कोठे होते?

आपत्ती व्यवस्थापनाच्या २००५ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यास आराखडा बंधनकारक केला आहे. पण कपाटातील आराखड्याने रक्तस्राव थांबत नाही. प्रत्येक प्रभागात प्रथमोपचार शिकलेले नागरिक असावेत. रुग्णालयांतील जनित्रे व औषधसाठा पुराच्या पातळीहून उंचावर असावा. आणि पूर्वसूचना न देता वर्षातून एकदा तरी सराव व्हावा. जखमींची निवड ओळखीवर वा आरडाओरड्यावर न होता जखमेच्या गांभीर्यावर व्हावी, ही शिस्त सरावाखेरीज अंगी बाणत नाही.

यांस लागणारा खर्च फार मोठा नाही. मृतांच्या वारसांस धनादेश देणारे शासन उदार म्हणविले जाईल. ज्याच्या राज्यात असे धनादेश थोडे लिहावे लागतील, तेच आम्ही कर्तव्यदक्ष मानू.