गोळी घेणारा भीमसैनिक कमजोर नसतो

वस्तीतल्या एखाद्या पोराची महिनोन्‌महिने झोप उडते, पुस्तक उघडवत नाही, जगण्यात रस उरत नाही, तेव्हा त्याला दोन सल्ले हमखास मिळतात. घरचे म्हणतात, भगताला दाखवू. कार्यकर्ते म्हणतात, वाघाचा बच्चा तू, रडतोस काय, मोर्चाला ये! आमच्या मते दोन्ही सल्ले सारखेच घातक आहेत. दोघेही आजाराला आजार मानत नाहीत.

शिकलेल्या साथींचा आक्षेप वेगळा असतो. ते म्हणतात, हे दुःख जातिव्यवस्थेने दिलेले आहे. त्यावर गोळी देणे म्हणजे आमचा राग झोपवणे. यातले अर्धे खरे आहे. आपल्या जळगावची डॉ. पायल तडवी आदिवासी समाजातून पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणापर्यंत पोचली आणि २२ मे २०१९ रोजी मुंबईत आपण तिला गमावले. वरिष्ठ डॉक्टरांवर जातीय छळाचा आरोप झाला, खटला उभा राहिला. तिची आई आबेदा आणि रोहित वेमुलाची आई राधिका त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. हा लढा लढलाच पाहिजे. पण काठीने डोके फुटले तर आपण गुन्हाही नोंदवतो आणि टाकेही घालतो. टाके घातले म्हणून काठी मारणारा सुटत नाही. बाबासाहेबांना मधुमेह होता, ते औषधोपचार घेत होते. त्यामुळे त्यांची लेखणी बोथट झाली काय?

आता औषधाविषयी स्पष्ट बोलू. सौम्य नैराश्यात अनेकदा समुपदेशन पुरते. गोळी हवी की नको हे डॉक्टर ठरवतील, मेडिकलवाला किंवा मित्राची जुनी चिठ्ठी नव्हे. फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्राम ही औषधे नशेची नाहीत. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात. आधी मळमळ, डोकेदुखी होऊ शकते, म्हणून चौथ्या दिवशी मनानेच सोडू नका. पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्यांची बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घरच्यांनीही लक्ष ठेवावे. बरे वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी औषध चालू ठेवावे लागते आणि बंद करताना डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करायचे असते. दारू नको. ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी किंवा दुसरे कुठलेही औषध चालू असेल, दिवस गेले असतील, किंवा पूर्वी कधी झोपेशिवाय अती उत्साहाचा काळ येऊन गेला असेल, तर आधीच सांगा. रात्री-अपरात्री मन बुडू लागले तर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक लावा. तिथे मराठीत बोलता येते.

पण धरणगावच्या शेतमजुराने रोजंदारी बुडवून, एसटीचे भाडे मोजून दरवेळी जळगावच का गाठावे? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे कलम १८ वाचा. उपचारात जातीवरून भेदभाव करता येणार नाही, असे ते नाव घेऊन सांगते. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, कार्ड असो वा नसो, सरकारी उपचार मोफत. आणि अत्यावश्यक यादीतली मानसिक आजारांची औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी दवाखान्यांत कायम, विनामूल्य मिळाली पाहिजेत. वरची दोन्ही औषधे केंद्राच्या २०२२ च्या यादीत आहेत.

मग तरुणांनो, माहिती अधिकाराचा अर्ज लिहा. धरणगावच्या ग्रामीण रुग्णालयात ही औषधे आज शिल्लक आहेत का? मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून किती दिवस येतात? उत्तर समाधानकारक नसेल तर मोर्चा तिथे न्या. आणि त्या मोर्चात गोळी घेणारा साथी असेल, तर त्याला हसू नका. त्याला दवाखान्याची पुढची तारीख विचारा. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, पण त्यासाठी आधी जिवंत राहा.

जय भीम!