यतना आणि कॅमेरा

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या समाजातील तरुणांना पक्ष्यांची छायाचित्रे टिपण्याचा छंद जडला, तर कोणत्याही वडीलधाऱ्यास संतोषच वाटेल. हाती बंदूक नाही, कॅमेरा आहे. मग यात हिंसा कसली, असे आपण सहज म्हणून जातो.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांचे उदाहरण घ्यावे. तेथील गोट्यांच्या किनाऱ्यावर रिंग्ड प्लोव्हर, म्हणजे गळ्यात काळा पट्टा असलेला चिखल्या, उघड्यावर घरटे करतो. घरटे कसले, एक उथळ खळगा! त्यात बहुधा चार अंडी; रंग व ठिपके असे, की आपल्या माळावरील टिटवीच्या अंड्यांप्रमाणे ती खड्यांतून वेगळी दिसू नयेत. नर-मादी आळीपाळीने सुमारे साडेतीन आठवडे ती उबवतात. मनुष्य जवळ आला की पक्षी उठतो आणि पंख मोडल्याचे सोंग करीत त्याला दूर नेऊ पाहतो. नेमके हेच दृश्य छायाचित्रकारांना फार प्रिय! माझ्या मते ते भयाचे चित्र आहे, सौंदर्याचे नव्हे. तेवढ्या वेळात थंड वाऱ्यात अंडी गारठतात, किंवा कुरव व कावळे ती उचलतात. छायाचित्रकाराला मात्र याचा पत्ताही नसतो.

साधू-साध्वी चार हात पुढची भूमी निरखून पाऊल टाकतात, ती ईर्यासमिती. या किनाऱ्यावर ती अक्षरशः लागू पडते, कारण न दिसलेले अंडे पायाखालीच असू शकते.

ब्रिटनच्या 1981 च्या वन्यजीव कायद्यानुसार लहान सुरयासारख्या काही पक्ष्यांना घरट्यापाशी जाणूनबुजून त्रास देणे हा गुन्हा आहे. तेथे जाऊन छायाचित्रे घ्यायची तर परवाना काढावा लागतो. चिखल्या त्या यादीत नाही. म्हणजे त्याच्या बाबतीत प्रश्न उरतो तो आपल्या विवेकाचा, आणि विवेकाची तपासणी करायला कोणी हिशेबतपासनीस येत नाही.

जाणकार छायाचित्रकार लांब पल्ल्याची लेन्स वापरतात, शक्यतो मोटारीतच बसून राहतात, दगड हलवीत नाहीत आणि घरट्याची जागा कोणास सांगत नाहीत. पक्षी उठला की ते माघारी फिरतात. जूनमध्ये तेथे सुमारे 19 तास उजेड असतो. घाईचे काहीच कारण नसते.