पांदणीतली शर्यत

आषाढात पांदणीने शाळेला निघालेल्या मुलींनी सायकल खांद्यावर घेणे वर्धा जिल्ह्यात नवलाचे नाही. काळ्या मातीचा चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये दाटून बसला की सायकल ढकलताही येत नाही. युरोपात हीच अडचण खेळ होऊन बसली आहे. सायक्लो-क्रॉस नावाच्या या शर्यतीत चिखल, वाळू, पायऱ्या व आडव्या फळ्या असलेला सुमारे तीन किलोमीटरचा फेरा पुनःपुन्हा घालावयाचा असतो. चाक अडले की उतरावे आणि सायकल खांद्यावर टाकून धावावे. पुरुषांची जागतिक स्पर्धा १९५० पासून भरते. स्त्रियांना मात्र २००० सालापर्यंत ताटकळावे लागले.

फ्रान्सच्या पोलीन फेराँ-प्रेव्हो हिचे चरित्र या संदर्भात पाहण्याजोगे आहे. २०१४ च्या सप्टेंबरात रस्त्यावरील, २०१५ च्या आरंभी सायक्लो-क्रॉसचे आणि त्याच वर्षी माउंटन बाइकचे अशी तिन्ही जागतिक विजेतेपदे वयाच्या तेविसाव्या वर्षी एकाच वेळी तिच्याकडे होती. पुढच्याच वर्षी रिओच्या ऑलिंपिकमध्ये तिला शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. पायाकडे जाणाऱ्या धमनीचा विकार होता, तो ओळखला जाण्यातच वर्षे गेली. २०१९ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी ती पुन्हा माउंटन बाइकची जगज्जेती ठरली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिने सुवर्णपदक मिळविले. ती शर्यत झाली ती एलांकूरची टेकडी निसर्गाने दिलेली नव्हे. जुन्या खाणींच्या जागी टाकाऊ भराव रचून ती उभी राहिली.

आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांना टेकड्या रचण्याची गरज नाही. माणसांचीही वाण नाही. शेजारच्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत बारा दिवसांच्या आत पुरी केली. संगमनेरच्या प्रणिता सोमण हिने माउंटन बाइकच्या राष्ट्रीय स्पर्धांत महाराष्ट्राचे नाव केले. मानव विकास कार्यक्रमातून अनेक तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना शासन सायकलीही देते. परंतु ती सायकल शाळेच्या फाटकापाशी थांबते. क्रीडा म्हणजे आखीव धावपट्टी आणि सिमेंटच्या पायऱ्या, ही समजूत तिला मैदानात येऊ देत नाही. बारावी संपली की सायकल धाकट्या भावाकडे जाते आणि मुलीचे पाय घरात अडकतात.

महागड्या सायकली हव्यात हा आक्षेप वरच्या पातळीवर खरा आहे. शालेय शर्यतीला मात्र शाळेचीच सायकल चालेल, फक्त मडगार्ड काढावे लागेल. पोळा ते दसरा या दिवसांत जमीन ओली असते आणि कापसाच्या गाड्या अजून सुरू व्हावयाच्या असतात. जंगलाची हद्द टाळून, धुऱ्यालगतच्या शेतकऱ्यांची संमती घेऊन, एखाद्या पांदणीत तीन किलोमीटरचा फेरा आखण्यास चुन्याची दोन पोती आणि गावातील प्राथमिक आरोग्य केंद्राचा एक कर्मचारी पुरेल. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी यंदा ही तारीख ठरवावी, आणि पहिली शर्यत मुलींची ठेवावी.