ओपन सोर्स खुले आहे, पण कोणासाठी?

ओपन सोर्स सॉफ्टवेअर बनवणाऱ्या लहान समूहांची एक तक्रार आम्ही सतत ऐकतो. डेव्हलपर मिळत नाहीत. कोड सगळ्यांसमोर ठेवला आहे, परवाना मोफत आहे, कोणीही यावे आणि हातभार लावावा. तरी तीच चार-पाच माणसे राबतात आणि एक दिवस थकून निघून जातात. मराठी टायपिंग, शुद्धलेखन तपासणी, फॉन्ट यांवर काम करणारे असोत की जगभर वापरल्या जाणाऱ्या एखाद्या लायब्ररीचे रखवालदार असोत, रडगाणे एकच. त्यावर काढलेला निष्कर्षही एकच : लोकांना सगळे फुकट हवे, काम नको.

हा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही.

'सर्वांसाठी खुले' या शब्दांचा इतिहास आंबेडकरी माणसाला शिकवावा लागत नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला आणि सरकारी खर्चाचे पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले. कागदावर. त्यानंतर तीन वर्षे महाडच्या सवर्णांना म्हणता येत होते की तळे तर खुले आहे, हेच लोक येत नाहीत. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा त्या खुलेपणाचा खरा अर्थ कळला. माणसांनी मार खाल्ला, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले आणि पालिकेने आपला ठरावच मागे घेतला.

संगणकाच्या पडद्यावर काठ्या पडत नाहीत, तेव्हा दोन्ही छळ सारखे आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण परवान्यात 'कोणीही' लिहिले म्हणजे कोणीही येऊ शकतो, ही समजूत महाडच्या ठरावाइतकीच पोकळ आहे.

ही माणसे कमी असण्याची किंमत काय असते ते मार्च २०२४ मध्ये जगाने पाहिले. एक्सझेड युटिल्स नावाचे फाइल लहान करणारे साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असते. त्याचा सांभाळ वर्षानुवर्षे मुख्यतः एक माणूस करत होता, बिनपगारी. आपली मानसिक प्रकृती ठीक नाही, हे त्याने उघडपणे लिहिलेही होते. तेव्हा 'जिया टॅन' या नावाने कोणी मदतीला आला. दोन-अडीच वर्षे इमानेइतबारे पॅच पाठवत राहिला, विश्वास कमावला, सहमेंटेनर झाला आणि मग त्याने कोडमध्ये चोरदरवाजा बसवला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो असा संशय आला, म्हणून जग वाचले. त्या थकलेल्या माणसाला दोष देणारे खूप निघाले. आम्हाला दिसते ते असे की ज्या दारात माणसेच नाहीत, तिथे ज्याच्याकडे भरपूर वेळ आहे त्याला आत घेतले जाते. इथे वेळ होता तो घात करायला आलेल्याकडे.

खरा मुद्दा या वेळेचाच आहे. ओपन सोर्सचे काम फावल्या वेळात करायचे, असे मोठ्या अभिमानाने सांगतात. फावला वेळ ही वारशाने मिळणारी मालमत्ता आहे, हे मात्र सांगत नाहीत. घरात स्वतंत्र खोली, शाळेपासून संगणक, इंग्रजी बोलणारे आईबाप, नोकरीची घाई नसलेली दोन वर्षे, एवढे ज्याच्याकडे आहे त्याला रात्री अकराला दुसऱ्याचा कोड दुरुस्त करायची हौस परवडते. आमच्या अभ्यासिकेतला बीसीए झालेला मुलगा रात्री अकराला दुसऱ्याची बिर्याणी पोचवत असतो.

गिटहबने २०१७ मध्ये ओपन सोर्समधल्या लोकांची पाहणी केली. उत्तरे देणाऱ्यांत ९५ टक्के पुरुष, ३ टक्के स्त्रिया. जातीचा रकाना त्यात नव्हता. आम्हाला त्याचे आश्चर्य नाही, रकाना नसला की प्रश्नही नसतो.

यावर ठरलेले उत्तर येते : इथे फक्त कोड बोलतो, नाव-गाव कोणी पाहत नाही. मेरिट! आरक्षणाच्या प्रत्येक वादात आपण हा शब्द ऐकला आहे. गिटहबच्या कार्यालयात तर 'मेरिटोक्रसी'चा जयघोष करणारा गालिचाच अंथरला होता. टीका झाल्यावर २०१४ मध्ये त्यांनी तो गुंडाळला. पुढे संशोधकांनी गिटहबवरचे लाखो पुल रिक्वेस्ट तपासले. प्रकल्पाला अनोळखी असलेल्या बाईचे बाईपण नाव-फोटोवरून कळत नव्हते तेव्हा तिचा कोड जास्त स्वीकारला गेला, कळले तेव्हा कमी. बाईचे हे होत असेल तर आडनावाचे काय होत असेल, याचा अंदाज बांधायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही. (आमच्याकडे ती आहे, पण ती इथे शिकलो नाही.)

मग लहान समूहांनी काय करायचे? सिद्धार्थ कॉलेज १९४६ मध्ये मुंबईत सुरू झाले. मराठवाड्यातली पोरे मुंबईला का येत नाहीत, अशी तक्रार बाबासाहेबांनी केली नाही. १९५० मध्ये त्यांनी औरंगाबादला कॉलेज काढले, कारण माणसे तिथे होती. आयटी पार्कमधल्या काचेच्या इमारतीत शनिवारी संध्याकाळी इंग्रजीत बैठक घ्यायची आणि मग 'विविधता' येत नाही म्हणून हळहळायचे, हे आता पुरे. नांदेडच्या, परभणीच्या कॉलेजात जा. समाजकल्याणच्या वसतिगृहात जा.

जाताना नीट लिहिलेली माहिती घेऊन जा. त्याच पाहणीत ९३ टक्के लोकांनी सांगितले होते की अपुरे किंवा जुने डॉक्युमेंटेशन हीच अडचण आहे. म्हणजे आत असलेलेही अडखळतात! ज्याच्याकडे चार जीबीचा जुना लॅपटॉप आणि मोबाइलचा डेटा आहे, त्याचे दोन रविवार प्रकल्प नुसता चालू करण्यातच जातात. तो मार्ग मराठीत लिहून काढा. नवख्याला झेपतील अशी दहा कामे वेगळी काढा आणि कोणाला विचारायचे त्या माणसाचे नाव लिहा. पहिला पॅच आला की चार दिवसांत उत्तर द्या, चूक असली तरी द्या. ज्याला आयुष्यभर दारातूनच परत पाठवले आहे, तो तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ बरोबर लावतो आणि पुन्हा येत नाही.

आणि पैसे द्या. आउटरीची २००६ मध्ये ग्नोम प्रकल्पात स्त्रियांसाठी सुरू झाली, पुढे वगळल्या गेलेल्या इतरांसाठीही खुली झाली. ती तीन महिन्यांच्या घरबसल्या कामाचे ७,००० डॉलर देते. गूगल समर ऑफ कोड २००५ पासून मानधन देते. तुमच्या समूहाने तिथे अर्ज करावा, मेंटॉर म्हणून नाव नोंदवावे. हे होत नाही तोवर 'सेवा' हा शब्द आमच्या पोरांसमोर जपून वापरा.

कारण इथे चळवळीतले ज्येष्ठ आम्हाला अडवतात आणि त्यांचा आक्षेप खोटा नाही. ते विचारतात, आजोबांनी महार वतनात गावाची फुकट कामे केली, बाबासाहेबांनी १९२८ मध्ये त्याविरुद्ध विधेयक आणले, आणि तुम्ही नातवांना कंपन्यांसाठी फुकट कोड लिहायला सांगता? आम्ही त्यांना वतनाची व्याख्या आठवून देतो. वतनात काम नाकारता येत नव्हते, काम कोणी केले त्याची नोंद राहत नव्हती. इथे काम तुम्ही निवडता, प्रत्येक ओळीवर तुमचे नाव राहते, ते मुलाखतीत दाखवता येते आणि पटले नाही तर सगळा कोड उचलून वेगळा प्रकल्प मांडता येतो. गावाबाहेर जाऊन स्वतःची विहीर खणण्याइतके मोठे आहे हे.

पण मित्रांनो, आत शिरण्याआधी विचारून घ्या. निर्णय कोण घेतो? वाईट वागणुकीची तक्रार कोणाकडे करायची, आणि त्या नियमांत जात हा शब्द आहे का? मानधनाची सोय आहे का? उत्तर टाळले तर दुसरा प्रकल्प शोधा, प्रकल्पांना तोटा नाही.

आणि ज्या समूहांना खरेच माणसे हवी आहेत त्यांनी आमच्या अभ्यासिकेत यावे. रविवारी दुपारी दोननंतर, सकाळी वंदना आणि पोरांचे वर्ग असतात. इथे चालणारे लॅपटॉप दोनच आहेत, तेव्हा येताना आपले घेऊन या.